बाळंतिणीच्या उशाशी

कळा सुरू झाल्यापासून मूल हाती येईपर्यंत जे दहा-बारा तास जातात, आणि पहिलटकरणीच्या बाबतीत पुष्कळदा त्याहूनही अधिक जातात, त्या अवधीत औषधाची, शस्त्राची आणि कुशल हाताची गरज लागते ती काही विवक्षित क्षणी. परंतु आपल्यापाशी बसलेले, आपले ऐकणारे आणि क्षणभरही उठून न जाणारे एक माणूस मात्र त्या स्त्रीला सर्वकाळ हवे असते. हे काम व्यवसाय म्हणून पत्करणाऱ्या स्त्रीस आज पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांत ‘डूला’ म्हणून ओळखतात. लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडसारख्या गावी हे नाव नवखे वाटेल; पण ज्या गरजेतून हा व्यवसाय उभा राहिला, ती गरज या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या ओळखली होती आणि तिची तरतूदही आपल्या परीने केली होती.

निजामी अमदानीत, आणि 1948 च्या सप्टेंबरात ती संपल्यावरही पुढे कित्येक वर्षे, इकडच्या खेड्यांतून बाळंतपण घरच्याच एखाद्या अंधाऱ्या खोलीत पार पडे. पोट दुखू लागले की सुईणीला सांगावा जाई. ती येई, पोटावर तेलाचा हात फिरवून मूल कसे आहे याचा अदमास घेई, कळा खऱ्या की फसव्या हे दोन-तीन कळांतच ओळखी, आणि मग कसलीही घाई न करता भिंतीशी बैठक मारी. बाई येरझाऱ्या घालू लागली तर तिला घालू देई. ती खांब धरून उभी राहिली, ओणवी झाली वा उकिडवी बसली, तरी तिला अडवीत नसे. कळ आली की कमरेच्या मणक्यांवर तळहाताचा नेटाने दाब देई, आणि कळ ओसरली की ‘ही गेली बघ, आता दम खा’ एवढेच म्हणे. वार पडेपर्यंत ती जागची हलत नसे. आणि पुढे बाळ-बाळंतिणीचे न्हाणे, शेक-शेगडी, पाचवीच्या रात्रीची सटवाईची पूजा, इथपर्यंत तिचा त्या घरी राबता राही. मोबदला लुगडे-चोळीचा आणि धान्याचा.

या सुईणीचे गुण सांगताना दोन गोष्टी दृष्टिआड करणे अप्रामाणिकपणाचे होईल. तिला जंतुशास्त्र ठाऊक नव्हते. नाळ विळ्याने वा जुन्या पात्याने कापली जाई, आणि धनुर्वाताने कित्येक अर्भके दगावत. मूल आडवे आले, वार अडकली किंवा रक्तस्राव थांबेना, तर तिच्यापाशी इलाज नसे, आणि अडलेल्या बाईला बैलगाडीत घालून दवाखाना गाठेपर्यंत बहुधा उशीर झालेला असे. दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे. मराठवाड्यात हे काम बहुशः मातंग स्त्रीकडे होते. ज्या घरातल्या मुलाला जगात पहिला स्पर्श तिच्या हाताचा होई, त्याच घराच्या चुलीपर्यंत तिला एरवी मज्जाव असे. प्रसूतीला विटाळ मानले म्हणून ते काम तिच्यावर लादले गेले, आणि ती ते काम करते म्हणून तिला पुन्हा हीन लेखले गेले. तिच्या कौशल्याची आज कितीही स्तुती केली तरी या अन्यायाची भरपाई होत नाही.

म्हणून प्रसूती घरातून इस्पितळात गेली, याचे स्वागतच केले पाहिजे. 2005 साली जननी सुरक्षा योजना आली, गावोगाव आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. 2011 च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यातील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, जेवण आणि वाहन हे सर्व विनामूल्य केले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे 2005-06 मध्ये महाराष्ट्रातील सुमारे 65 टक्के प्रसूती दवाखान्यांत होत होत्या. 2019-21 च्या पाहणीत ते प्रमाण 95 टक्क्यांच्या घरात गेले. राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण 2018-20 मध्ये लाख जिवंत जन्मांमागे 33 इतके खाली आले. मुरुडची बाई आज गावच्या ग्रामीण रुग्णालयात जाते आणि प्रसंग बिकट झाला तर लातूरची वाट धरते, ही तिच्या आजीला न मिळालेली मोठीच सुरक्षितता आहे.

परंतु सुईणीकडे दोन कामे होती. मूल सोडवण्याचे काम दवाखान्याने घेतले आणि ते तिच्याहून शतपटींनी चांगले केले. सोबतीचे काम मात्र कोणाच्याच वाट्याला गेले नाही. सरकारी असो वा खासगी, बहुतेक प्रसूतिकक्षांत एका परिचारिकेकडे अनेक बायका असतात. ती कितीही कनवाळू असली तरी एकीच्या उशाशी बसून राहणे तिला शक्य नसते. आई आणि सासू दाराबाहेर व्हरांड्यात, आणि आत ज्या मुलीने आयुष्यात एक रात्रही एकटीने काढलेली नसते, ती अपरिचित माणसांत उंच खाटेवर उताणी पडलेली.

हे एकटेपण केवळ मनाला लागते असे नव्हे, ते शरीरालाही बाधते. भयाने अंगात जी द्रव्ये स्रवतात, ती गर्भाशयाच्या आकुंचनाला मारक ठरतात. कळा मंदावतात, प्रसूती लांबते आणि लांबली की भय आणखी वाढते. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह ग्वाटेमालातील एका रुग्णालयात याची पारख केली. पहिलटकरणींपैकी काहींजवळ पूर्वीची ओळख नसलेली एक सामान्य स्त्री अखंड बसवली. ती पाठ चोळी, हात धरी, बोलत राही, एवढेच. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाप्रमाणे, गुंतागुंत न झालेल्या प्रसूतींत दाखल झाल्यापासून सुटकेपर्यंत एकटीला सरासरी 19.3 तास लागले, सोबत असलेलीला 8.8 तास. तो अभ्यास लहान होता. पण 2017 मध्ये 17 देशांतील 15,000 हून अधिक स्त्रियांवरील प्रयोगांचा जो एकत्रित आढावा निघाला, त्यातही अखंड सोबतीने नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढते, शस्त्रक्रियांचे घटते आणि कळांचा काळ आखूड होतो, असेच आढळले. ज्या गोष्टीला यंत्र लागत नाही आणि औषधही लागत नाही, तिचा एवढा गुण येत असेल, तर तिच्याकडे चैन म्हणून पाहणे मला मान्य नाही.

डूला काय करते आणि काय करीत नाही, हे स्पष्ट समजून घेतले पाहिजे. ती आतील तपासणी करीत नाही, औषध देत नाही, नाळ कापीत नाही. तो अधिकार डॉक्टरांचा आणि परिचारिकेचा. सातव्या-आठव्या महिन्यापासून ती घरी येऊ लागते, बाईच्या मनातील भीती ऐकून घेते, नवऱ्याला कमरेवर हात कुठे ठेवायचा हे दाखवते. कळांत ती श्वासाची लय सांभाळायला मदत करते, घोटभर पाणी देते, कूस बदलायला लावते. डॉक्टरांनी काही सांगितले तर ते सोप्या भाषेत पुन्हा सांगते, पण निर्णय बाईचाच राहू देते. शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर आपण हरलो असे त्या बाईला वाटू नये म्हणून ती तिच्यापाशी थांबते. मूल झाल्यावर तासाभरात ते अंगावर घेण्यास मदत करणे हे तिचे मोलाचे काम; कारण चिकाचे पहिले दूध पिळून टाकून बाळाला मध चाटवण्याचा परिपाठ अजून पुष्कळ घरांतून गेलेला नाही, आणि आजीचे मन न दुखवता तो मोडणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

पहिले बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज हीच गरज भागवीत आला आहे. पण लातूर जिल्ह्यातील मुली नोकरीनिमित्त पुण्यात, बंगळुरात, परदेशात आहेत. आईची गाडी पोहोचण्याआधीच कळा लागतात, आणि मग पैसे मोजून सोबत मिळवावी लागते. हा व्यवसाय आपल्याकडे कायद्याने नोंदणीकृत नाही, तेव्हा शिक्षण आणि अनुभव यांची चौकशी करूनच डूला नेमावी. याच मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कोयता घेऊन जी जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्यांतील गर्भवतीला ना माहेर ना डूला. तिची वेळ येते ती फडाजवळच्या कोपीत किंवा अनोळखी गावच्या दवाखान्यात. सोबतीची सर्वाधिक निकड तिला आहे.

यावर उपाय कागदावर आलेला आहे. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी एक सोबती ठेवण्यास मुभा दिली: ती स्वतः प्रसूतीतून गेलेली स्त्री असावी, तिला संसर्गजन्य रोग नसावा, तिने स्वच्छ वस्त्रे नेसावीत आणि उपचारांत ढवळाढवळ करू नये, जेथे आडोशाची सोय आहे, तेथे पतीलाही येऊ द्यावे. पुष्कळ कुटुंबांना हे ठाऊकच नसते. गरोदरपणाच्या तपासणीला जाताना आशाताईला किंवा परिचारिकेला हे विचारावे, आणि आत आई बसणार, नणंद की शेजारची काकू, हे आधीच ठरवावे. सर्वांत जवळची असूनही कळा पाहून स्वतःच रडू लागणारी व्यक्ती या कामाला योग्य नसते.

जिला असे कोणीच नाही, तिच्यासाठी गावातल्याच अनुभवी स्त्रिया तयार करता येतील. मराठवाड्याच्या सीमेलगत जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून अक्षरओळखही नसलेल्या, अनेकदा दलित कुटुंबांतील, स्त्रियांना आरोग्यसेविका केले, आणि त्यांनी बाळंतपणे सुखरूप पार पाडली. येथे तर तेवढेही शिकवायचे नाही: हात धुणे, रक्तस्राव, झटके आणि ताप ही धोक्याची लक्षणे ओळखणे, पाठ चोळणे, बाळाला अंगावर लावणे, आणि कोणत्या क्षणी परिचारिकेला हाक मारायची हे जाणणे. रुग्ण कल्याण समितीने मनावर घेतले तर प्रत्येक प्रसूतीमागे मानधनाची तजवीज होऊ शकेल. मात्र ते मानधन लुगडे-चोळीच्या रूपाने नव्हे, तर तिच्या स्वतःच्या बँकखात्यात, ठरल्या तारखेला जमा झाले पाहिजे.