मे महिन्यात लक्षद्वीपच्या पाण्याखाली प्रवाळ कसे मोजतात?

"मे महिन्यात लक्षद्वीप? मजा आहे बुवा तुझी!" हे वाक्य मी दर उन्हाळ्यात किमान चार नातेवाइकांकडून ऐकते. स्कूबा डायव्हिंग म्हटलं की निळं पाणी आणि रंगीत मासे डोळ्यांसमोर येतात, त्यात त्यांची काही चूक नाही. पण फील्डवर्कसाठी डायव्हिंग करणारा माणूस पाण्याखालचा बहुतेक वेळ एका मोजपट्टीकडे बघत असतो. शेजारून कासव गेलं तरी बडीनं खूण केली तरच कळतं.

या मोजपट्टीपायी माझा पहिला सीझन जवळजवळ वाया गेला. तुमच्यापैकी जे फील्डवर्कची आखणी करताय, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ते सविस्तर लिहितेय.

आधी, उन्हाळाच का? लक्षद्वीपच्या समुद्राचं पाणी एप्रिल-मे मध्ये सर्वात गरम असतं. मग नैऋत्य मोसमी वारे येतात, ढग येतात, पाणी घुसळलं जातं आणि थंड होतं. प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतात. प्रवाळांचा रंग मुख्यतः त्यांच्यामुळे असतो आणि अन्नाचा मोठा वाटाही तेच पुरवतात. पाणी नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा साधारण 1 अंशानं जास्त गरम झालं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हे सहजीवन मोडतं. शैवाल बाहेर पडतात आणि पारदर्शक उतींतून खालचा चुन्याचा सांगाडा पांढराफेक दिसायला लागतो. हे ब्लीचिंग.

किती गरमी झाली हे मोजायला अमेरिकेची नोआ ही संस्था 'डिग्री हीटिंग वीक' हे एकक वापरते. नाव भारदस्त आहे, हिशेब सोपा. त्या जागेच्या सर्वात उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी 1 अंश किंवा त्याहून जास्त तापलं, तर तो जादाचा भाग धरायचा आणि मागच्या 12 आठवड्यांची बेरीज करायची. समजा 4 आठवडे पाणी दीड अंशानं जास्त होतं, तर झाले 6. ही बेरीज 4 च्या पुढे गेली की ठळक ब्लीचिंगची शक्यता, 8 च्या पुढे गेली की प्रवाळ मरण्याची. 2024 च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपच्या अनेक बेटांभोवती मोठं ब्लीचिंग झालं, त्याच एप्रिलमध्ये चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर झालं होतं. याआधी 1998, 2010 आणि 2016 मध्येही इथे हेच घडलंय. 2024 हाच माझा पहिला सीझन.

आता मोजणी. आम्ही वापरतो ती पद्धत लाइन इंटरसेप्ट. 20 मीटरची पट्टी प्रवाळभित्तीवर एकाच खोलीवर सरळ टाकायची आणि तिच्या खाली काय काय येतं ते सेंटिमीटरमध्ये लिहीत जायचं: इथपासून इथपर्यंत फांद्यांचं प्रवाळ, मग वाळू, मग शैवालानं झाकलेला दगड. 2000 सेंटिमीटरपैकी 420 जिवंत प्रवाळ असेल तर आच्छादन 21 टक्के. प्लास्टिकची स्लेट आणि साधी शिसपेन्सिल. पेन्सिल दोरीनं बांधा. मी बांधली नव्हती.

कागदावर हे दुपारभराचं काम वाटतं. पण पाण्याखाली वेळ हवेच्या हिशेबात मिळतो. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबानं भरलेली हवा म्हणजे 2400 लिटर. 50 बार राखीव ठेवायचे, उरले 1800 लिटर. शांत माणसाला जमिनीवर मिनिटाला साधारण 20 लिटर लागतात असं धरलं, तर 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून 40 लिटर. म्हणजे 45 मिनिटं, आणि त्यातच सावकाश वर येणं व 5 मीटरवर 3 मिनिटं थांबणंही बसवायचं. पहिल्या आठवड्यात माझी हवा 30 मिनिटांतच संपायची, कारण प्रवाहात स्थिर राहण्यासाठी मी सारखे पाय मारत होते. एका डाइव्हमध्ये जेमतेम एक पट्टी व्हायची. तरंगण्यावर ताबा नसेल तर तुमचे फिन्स प्रवाळांवर आपटतात आणि मोजायला गेलेली वस्तू तुम्हीच मोडता. म्हणून सांगते, सर्टिफिकेट मिळाल्यावर लगेच डेटा गोळा करायला उतरू नका. आधी दहा-पंधरा डाइव्ह नुसतं तरंगायला शिका.

तर झालं असं. मी स्लेटवर 'पांढरं' असा एकच रकाना केला होता. मेच्या मध्यापर्यंत जमेल तेवढ्या पट्ट्या टाकल्या, समुद्र खवळला, छोट्या होड्या बंद झाल्या, मी परत आले. ऑक्टोबरमध्ये त्याच ठिकाणी पुन्हा गेले. जिवंत प्रवाळ कमी भरले. मी ग्राफ काढला, शीर्षकही सुचलं होतं. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "ऑक्टोबरची पट्टी मेच्या जागेवरच टाकली होतीस का?"

नव्हती. होडीवरचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतो आणि पाण्याखाली तर तो चालतच नाही. प्रवाळभित्ती इतकी खडबडीत, की पट्टी 5 मीटर सरकली तरी आकडा बदलतो. मग माझ्या ग्राफमधली घट प्रवाळ मेल्यामुळे होती, की जागा बदलल्यामुळे? शिवाय पावसाळी लाटांनी मोडलेले प्रवाळ वेगळेच. आणि मूळ घोळ त्या 'पांढऱ्या' रकान्यात. ब्लीच झालेलं प्रवाळ जिवंत असतं, उपाशी असतं. पाणी वेळेत थंड झालं तर सावरू शकतं. नुकतंच मेलेलंही पांढरंच दिसतं. मी दोन्ही एकत्र लिहिले होते. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण 'किती वाचले' या प्रश्नावर उभं होतं आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. त्या रात्री मी मेसमध्ये जेवले नाही.

दुसऱ्या वर्षी रकाने पाच झाले: निरोगी, फिकट, पांढरं पण जिवंत, नुकतंच मेलेलं, जुनं मेलेलं. ओळखायचं कसं? अगदी जवळ जा. जिवंत असेल तर सांगाड्यावर पातळ, किंचित चकाकणारा थर आणि बारीक पॉलिप दिसतात. मेलेलं असेल तर सांगाड्याच्या खाचा कोरड्या, धारदार दिसतात आणि लवकरच त्यावर हिरवट-तपकिरी शैवालाची लव चढते. फिकट म्हणजे किती फिकट, यावर माझं आणि बडीचं रोज भांडण व्हायचं. खोलीवर लाल रंग आधी नाहीसा होतो, त्यामुळे डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. तिथे कोरलवॉचचा रंगतक्ता कामी आला. तो प्रवाळाशेजारी धरायचा, म्हणजे दोघांवर प्रकाश सारखाच पडतो. तरी पहिले दोन दिवस आम्ही एकच पट्टी दोघांनी वेगवेगळी वाचली आणि जुळवून बघितली.

पट्टीच्या दोन्ही टोकांना मेलेल्या खडकात खुंट्या ठोकल्या आणि ठराविक वसाहतींशेजारी नंबराचे टॅग लावले. याला परवानगी लागते बरं का. कठीण प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि बेटावर जायलाही बाहेरच्यांना परमिट लागतं. अर्ज कित्येक महिने आधी करा. टॅगमुळे प्रश्नच बदलला. आता 'आच्छादन किती' याच्याबरोबर '17 नंबरचं प्रवाळ जगलं का' हेही विचारता येतं. फांद्यांचे ॲक्रोपोरा सहसा लवकर मरतात, गोल दगडासारखे पोराइट्स बऱ्याचदा तग धरतात. एकूण टक्केवारीत हा फरक बुडून जातो.

अजून एक. डाइव्ह सेंटरचा गाइड तुम्हाला सगळ्यात सुंदर जागी नेणार, ते त्याचं कामच आहे. तुमच्या जागा मात्र नकाशावर आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवा. आणि एकाच जागी टाकलेल्या चार पट्ट्या म्हणजे चार जागा नव्हेत. त्या चारांची सरासरी हा एक आकडा. मी त्या चार वेगळ्या धरून किती सुंदर पी-व्हॅल्यू काढली होती, ते आठवलं की अजून लाज वाटते.

शेवटच्या दिवसाचं बजेटही आखणीत धरा. रक्तात आणि उतींत विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून अनेक डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास थांबायचं असतं. अगत्तीहून सकाळचं विमान असेल तर आदला दिवस पाण्याबाहेरच जातो. तो मी स्लेटवरचे आकडे लॅपटॉपमध्ये भरण्यात घालवते, बडी मोठ्यानं वाचतो आणि मी टाइप करते. 17 नंबर गेल्या वेळी फिकट होतं. या वेळी शेजारच्या रकान्यात 'निरोगी' लिहिलं आणि बडीला ते परत एकदा वाचायला सांगितलं.