जोखीम

पहाटे ५
मानखुर्दच्या खोलीत जाग येते ती आईच्या फोनानं. तिकडं सांगली जिल्ह्यात, कारखान्याच्या तळावर, ती तीनलाच उठलेली असते. कोपीत भाकरी थापून झाल्यात, आण्णा बैल जुंपतायत. "उठला का रं?" एवढंच विचारते आणि उसाच्या फडाकडं निघते. आष्टी तालुक्यातलं आमचं घर दिवाळीनंतर कुलूपबंद असतं. आई-आण्णा मिळून ऊसतोडीचा एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मी बारावीनंतर मुंबई धरली.

सकाळी ८:३०
कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षानं वांद्रे-कुर्ला संकुल गाठतो. २० एकरांवर ९ टॉवर, अडीच हजारांच्या आसपास कार्यालयं, त्यांतच बँक आणि कस्टमही. हा भारत डायमंड बोर्स. २०१० मध्ये तो सुरू झाला. त्याआधी हिऱ्यांचा बाजार ऑपेरा हाउसला, पंचरत्न इमारतीत आणि आसपासच्या गल्ल्यांत भरायचा. दलाल रस्त्यात उभ्यानं पुड्या उघडायचे. १३ जुलै २०११ ला ऑपेरा हाउसला बॉम्बस्फोट झाला. त्या दिवसाची आठवण जुने दलाल अजून काढतात. म्हणून दारावर कार्ड दाखवायला, पिशवी तपासून घ्यायला कोणी कुरकुरत नाही.

९:३०
मी एका कार्यालयात शिपाई आहे. आधी झाडू. पण केर थेट डब्यात जात नाही. पांढऱ्या कागदावर पसरून, बोटानं चाळून मगच टाकायचा.

१०:३०
शेठ तिजोरीतून माल आणतात. सुरतेहून अंगडियाची, म्हणजे माल पोचवणाऱ्या माणसाची, पाकिटं आलेली असतात. जगातल्या दहा हिऱ्यांपैकी नवांना पैलू आपल्या देशात पडतात, त्यातले बहुतेक सुरतेत. अंगडिया मौल्यवान मालाला 'जोखम' म्हणतो. आपली जोखीमच ती. माल दुसऱ्याचा, घोर आपल्याला.

११:३०
टेबलावर पांढरा कागद, चिमटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग. मग काटा. पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम आणि कॅरेटचे शंभर सेंट. काट्याला काचेची पेटी असते. तिचं दार लावल्याशिवाय आकडा वाचत नाहीत, कारण श्वासानंही तो हलतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आण्णाच आठवले. त्यांचा ऊस टनात मोजतात आणि काट्यावरचा आकडा ते लांबूनच बघतात.

दुपारी ३
दलाल येतात. गावाकडं लग्नाच्या साड्या जांगडवर घरी आणतात ना, पसंत पडली तर ठेवायची नाहीतर परत, तसेच इथं हिरे जातात. चिठ्ठीवर वजन, नग, भाव आणि सही. तेवढ्यावर लाखोंचा माल दुसऱ्या टॉवरला जातो. माणूस ओळखीचा असला तरी चिठ्ठी होते, आणि चिठ्ठी झाली तरी अनोळखी माणसाला माल मिळत नाही.

५
आज चिमट्यातून वीस सेंटचा एक हिरा उडाला. "कोणी हलू नका." सगळे जागच्या जागी थांबले. मी दिवा बंद केला आणि टॉर्च फरशीला आडवी लावली. अशा उजेडात बारीक खडाही चमकतो. फरशीवर काही नव्हतं. माझ्या छातीत धडधडायला लागलं. खोलीत सगळ्यात कमी पगाराचा मीच. तेवढ्यात शेठनी आधी स्वतःचे खिसे उलटे केले, मग बुटांचे तळवे बघितले. हिरा त्यांच्याच पँटच्या दुमडीत निघाला. माझ्या खिशाकडं कोणी पाहिलंही नाही. मला पाणी प्यावंसं वाटलं, पण आधी दिवा लावला.

७
मोजणी झाली. नग जुळले. माल तिजोरीत.

रात्री ९
आण्णांचा फोन. ते उसाच्या काट्याची पावती मोबाइलवर धाडतात; त्यांना वाचता येत नाही. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, पण हाती काय पडलं ते पावतीशिवाय कसं कळणार? इतकी वर्षं मजूर नेणाऱ्या मुकादमानं आगाऊ दिलेली उचल सांगितली तेवढी, फेड सांगितली तेवढी. आण्णांनी अंगठा दिला. जांगडची चिठ्ठी पाहिली तेव्हापासून मी वही घातली आहे. तारीख, टन, उचल, फिटलेले आणि राहिलेले पैसे. मी आकडे मोठ्यानं वाचतो, आण्णा तिकडं ते परत म्हणतात. एखादा चुकला तर आम्ही पहिल्यापासून सुरू करतो.