गच्चीवरचा थाईम : आधी पावसाळा काढा, मग गिऱ्हाईक शोधा

"सर, गच्चीवर थाईम लावून विकू का?" असं बरेच जण विचारतात.

थाईम म्हणजे पिझ्झा-सूपात पडणारी ती बारीक पानं. चोळून वास घ्या, ओवाच आठवेल. दोन्हींत थायमॉल असतं. पण हे झाड मूळचं भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ जमिनीचं. आणि आपल्या कोल्हापुरात झड लागली की पंचगंगा पात्राबाहेर येते! उघड्यावरची कुंडी अशा पावसात मुळापासून कुजते.

म्हणून नुसती काळी माती नको. निम्मी माती, निम्मी जाड वाळू, थोडं शेणखत, खालची भोकं मोकळी. पाच-सहा तास ऊन. वरची माती वाळली की मगच पाणी. पावसाळ्यात कुंडी छपराखाली, पण उजेडात. बियाण्याच्या नादी लागू नका, फार हळू वाढतं. ऑक्टोबरात एक रोप आणा आणि कोवळे शेंडे कापून वाळूत लावा. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात.

आता धंद्याचं. एकदम शंभर कुंड्या घेऊ नका, दहा लावा. राजारामपुरीतल्या दोन-तीन कॅफेत ताजी जुडी घेऊन जा, आठवड्याला किती लागतो ते विचारा, वहीत लिहा. मला विचाराल तर पाल्यापेक्षा रोप विकणं बरं. पाला वाळला की वजन घटतं, शिवाय पाकिटात भरून विकायला एफएसएसएआयची नोंदणी लागते. आणि काड्या घ्यायच्या त्या एक पावसाळा काढलेल्या रोपाच्याच. गिऱ्हाईकाला तसं सांगा, "आमचं रोप इथल्या पावसात टिकलंय."