फोन ३५ अंशांचा, उन्हाळा ४३ चा: सोलापुरात मोबाईल-लॅपटॉप इतके का तापतात?

नवा फोन बाजारात आला की चर्चा होते कॅमेऱ्याची, प्रोसेसरची आणि किमतीची. माहितीपुस्तिकेतला एक आकडा मात्र सहसा कुणी वाचत नाही. तो म्हणजे फोन वापरण्यासाठी योग्य असलेलं बाहेरचं तापमान: ० ते ३५ अंश सेल्सिअस. ॲपल आयफोनसाठी हीच मर्यादा सांगते, सॅमसंगही आपल्या फोनसाठी हीच सांगते. मॅकबुकसाठी ती १० ते ३५ अंश आहे.

आता सोलापूर पाहा. मार्चपासून पहिला पाऊस पडेपर्यंत इथे दुपारचा पारा बहुतेक दिवस ३५ च्या वर असतो. एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडणं नेहमीचंच, आणि कडक उन्हाच्या दिवसांत तो ४३-४४ पर्यंत जातो. त्यातही हवामान खात्याचं तापमान सावलीत, हवा खेळती असलेल्या पेटीत मोजलेलं असतं. पत्र्याच्या खोलीतल्या किंवा दुचाकीच्या हँडलला लावलेल्या फोनला त्याहून जास्त सोसावं लागतं. म्हणजे वर्षातले जवळपास तीन महिने इथला फोन दुपारी कंपनीनं आखलेल्या मर्यादेबाहेरच चालतो.

फोन अचानक संथ का होतो?

प्रोसेसर काम करतो तेव्हा उष्णता तयार होते. फोनमध्ये पंखा नसतो, त्यामुळे ती उष्णता बाहेरच्या आवरणातून हवेत जाते. ती किती वेगानं जाणार हे आवरण आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं.

समजा, हातात धरता यावा म्हणून फोनचं आवरण ४५ अंशांपेक्षा जास्त तापू द्यायचं नाही. खोलीत २५ अंश असतील, तर फरक २० अंशांचा. खोलीत ४२ अंश असतील, तर तो फक्त ३ अंशांचा. म्हणजे तोच फोन साधारण एक सप्तमांश उष्णताच बाहेर टाकू शकतो. मग त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो: काम कमी करणं. म्हणून स्क्रीन मंद होते, गेम अडखळतो, कॅमेरा बंद होतो, चार्जिंग थांबतं. हा बिघाड नाही. फोननं स्वतःला वाचवण्यासाठी घेतलेला तो निर्णय असतो.

लॅपटॉपची स्थिती थोडी बरी असते. त्यात पंखा असतो आणि अनेक प्रोसेसर साधारण १०० अंशांपर्यंत चालू शकतात. खोली २५ वरून ४० अंशांवर गेली, तर फरक ७५ वरून ६० वर येतो, म्हणजे सुमारे २० टक्क्यांनी घटतो. त्यामुळे लॅपटॉप पंख्याचा आवाज करतो, थोडा संथ होतो, पण फोनइतका लवकर हात टेकत नाही.

‘व्हेपर चेंबर’ आणि माठ

सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयफोन १७ प्रो मध्ये ॲपलनं पहिल्यांदा व्हेपर चेंबर बसवलं. अँड्रॉइड फोनमध्ये ते आधीपासून होतं. ही एक चपटी, बंद धातूची पोकळी असते आणि तिच्यात थोडंसं पाणी असतं. प्रोसेसरजवळ त्या पाण्याची वाफ होते, थंड बाजूला गेल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं.

बाष्पीभवनानं गारवा, हे सोलापुरात कुणाला शिकवायला नको. माठ तेच करतो. पण दोघांत मोठा फरक आहे. माठातून झिरपलेलं पाणी हवेत निघून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. म्हणून कोरड्या हवेत माठातलं पाणी खोलीच्या हवेपेक्षाही गार होतं. व्हेपर चेंबरमधलं पाणी आतच राहतं. ते उष्णता एका ठिकाणाहून संपूर्ण फोनभर पसरवतं, नाहीशी करत नाही. पुढचं काम बाहेरच्या हवेलाच करायचं असतं. ती हवाच ४२ अंशांची असेल, तर फोन त्याखाली जाऊ शकत नाही. लॅपटॉपच्या पंख्यालाही हाच नियम लागू आहे.

खरं नुकसान बॅटरीचं

संथ झालेला फोन संध्याकाळी पुन्हा नीट चालतो. बॅटरीचं तसं नसतं. लिथियम-आयन बॅटरीत क्षमता कमी करणाऱ्या रासायनिक क्रिया उष्णतेनं वेगानं होतात, आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर आणखी वेगानं. नेहमी दिला जाणारा एक अंदाज असा: १०० टक्के भरलेली बॅटरी २५ अंशांत वर्षभर ठेवली, तर तिची सुमारे ८० टक्के क्षमता उरते. ४० अंशांत ठेवली, तर सुमारे ६५ टक्के. तीच बॅटरी ४० टक्के भरून ४० अंशांत ठेवली, तर मात्र सुमारे ८५ टक्के क्षमता टिकते.

अशा बहुतेक बॅटऱ्यांसाठी चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंशांच्या आसपास असते. दुपारी फोन चार्ज व्हायला नकार देतो तो त्यामुळे. घरपोच सेवा देणाऱ्या कामगाराची ऑर्डर, रस्ता आणि पैसे हे सगळं त्याच फोनवर असतं. तो दुपारी बंद पडला, तर कमाईच थांबते.

इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीचंही तसंच आहे. २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. ती गच्चीच्या जिन्याखाली किंवा पत्र्याखाली ठेवणं म्हणूनच महागात पडतं.

धूळ, तंतू आणि कूलर

टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या शहरात आणखी एक अडचण असते. यंत्रमागाच्या शेडमधले सुताचे बारीक तंतू हवेतून संगणकाच्या पंख्यात जातात आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर थर बसतो. शेडला लागून असलेल्या कार्यालयात उन्हाळ्याआधी एकदा संगणक साफ करून घेतला, तर महागडा भाग बदलण्याची वेळ टळू शकते.

इथली हवा कोरडी असल्यानं कूलर चांगला चालतो आणि खोलीचं तापमान उतरलं की लॅपटॉपलाही फायदा होतो. मात्र लॅपटॉप कूलरच्या अगदी तोंडाशी ठेवू नये, पाण्याचे तुषार आत जातात.

खरेदी करताना काय पाहावं?

फोनची चाचणी अनेकदा वातानुकूलित खोलीत होते. तिथल्या वेगाच्या आकड्यांपेक्षा सलग अर्धा तास वापरल्यावर वेग किती टिकतो, हे सोलापूरकरांसाठी जास्त महत्त्वाचं. २०२५ पासून अनेक फोनमध्ये ७००० एमएएचच्या सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्या दिसू लागल्या. त्यांचा इथला मोठा फायदा म्हणजे दुपारी चार्जिंग करावं लागत नाही. रात्री किंवा पहाटे केलेलं चार्जिंग दिवसभर पुरू शकतं.

रोजच्या वापरात

चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय अनेक फोन-लॅपटॉपमध्ये असते, उन्हाळ्यात ती सुरू ठेवावी. जलद चार्जिंगमध्ये जास्त उष्णता तयार होते, म्हणून दुपारी साधा चार्जर बरा. चार्जिंग करताना जाड कव्हर काढावं. लॅपटॉप गादीवर ठेवू नये, खालची जाळी झाकली जाते. तापलेला फोन फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नये, आत दव साचतं. तो बंद करून सावलीत पंख्याखाली ठेवणं पुरेसं असतं.

फोनची मागची बाजू फुगलेली दिसली, तर वापर लगेच थांबवावा. बॅटरी दाबू किंवा टोचू नये, ती पेट घेऊ शकते. ती घरच्या कचऱ्यातही टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे ती सेवा केंद्रात देणं हाच योग्य मार्ग.