कपड्यांची पारख आहे, पण फी कोण देणार? खामगावात पर्सनल स्टायलिस्टचं काम असं उभं करा

आजचा विषय आहे त्या ताई-दादांसाठी, ज्यांना नातेवाईक हमखास फोन करतात, "अगं, साडी घ्यायला चाललोय, तू सोबत चल ना, तुझी नजर चांगली आहे." तुम्ही जाता. चार तास दुकानात बसता, वीस साड्या उलगडून घेता, त्यातली बरोबर एक निवडून देता. बदल्यात काय मिळतं? चहा, फार तर एक प्लेट पाणीपुरी. लग्नात सगळे नवरीचं कौतुक करतात आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या मावशीचा फोन येतो.

तुमच्याकडे कौशल्य आहे हे या फोनवरूनच सिद्ध होतं. अडचण एवढीच आहे की आज ते फुकट वाटलं जातंय. त्याचा व्यवसाय कसा करायचा ते आज नीट समजून घेऊ.

आधी हे काम म्हणजे काय ते बघा

फॅशन डिझायनर नवा कपडा तयार करतो. टेलर तो शिवतो. मेकअप आर्टिस्ट चेहरा आणि केस सांभाळते. दुकानदार त्याच्याकडे असलेला माल विकतो. पर्सनल स्टायलिस्ट यांपैकी काहीच करत नाही. तो ग्राहकाच्या बाजूने उभा राहतो. या माणसाने, या प्रसंगाला, या बजेटमध्ये काय घालावं, ते कुठून घ्यावं, कसं शिवून घ्यावं आणि कशासोबत घालावं हे तो ठरवून देतो.

इथे बरेच जण अडकतात. स्वतः छान राहता येणं वेगळं आणि दुसऱ्याला छान ठेवणं वेगळं. तुमची आवड तुमच्या अंगाची, तुमच्या वयाची असते. व्यवसायात अंग दुसऱ्याचं, खिसा दुसऱ्याचा आणि सासर पण दुसऱ्याचंच!

कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्याकडून काय शिकायचं

भानू अथैया यांचा जन्म १९२९ चा, कोल्हापूरचा. माहेरचं आडनाव राजोपाध्ये. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या आणि मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढू लागल्या. पुढे त्याच मासिकाच्या संपादकांनी बुटीक काढलं, तेव्हा तिथले कपडे डिझाइन करायचं काम भानूताईंकडे आलं. कागदावरची चित्रं आता जिवंत माणसांच्या अंगावर गेली. तिथून सिनेमा, १९५६ चा 'सी.आय.डी.', आणि 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर. जॉन मोलो यांच्यासोबत मिळालेला हा पुरस्कार भारतीयाला मिळालेला पहिला ऑस्कर होता.

आपल्या कामाचा धडा मात्र ऑस्करपेक्षा एका साडीत आहे. १९६८ च्या 'ब्रह्मचारी' चित्रपटात मुमताजने नेसलेली नारंगी साडी आठवते का? ती भानूताईंची. नायिकेला त्या साडीत जोरात नाचायचं होतं. म्हणून ती निऱ्या सुटणार नाहीत अशी, अंगाबरोबर बसवून शिवलेली होती. ही साडी "काय सुंदर दिसेल" एवढ्याच प्रश्नातून जन्मत नाही. "हिला या कपड्यात काय करायचंय?" हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

हाच प्रश्न तुमच्या धंद्याचा पाया आहे. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

खामगावात हा प्रश्न कसा विचारायचा

समजा, मे महिन्यातलं लग्न आहे. आपल्याकडे मे म्हणजे काय ते सांगायला नको. पारा ४५ च्या आसपास आणि मांडव उघड्यावर. अशा वेळी रीलमध्ये बघितलेला मखमली लेहंगा घेऊन नवरी बसली, तर दोन तासांत मेकअप आणि मूड दोन्ही उतरतात. म्हणून ग्राहक भेटल्यावर रंगाआधी हे विचारा:

• कार्यक्रम दिवसा की रात्री? हॉलमध्ये की मैदानात?
• किती तास बसायचंय? पाटावर की सोफ्यावर?
• डोक्यावर पदर घ्यावा लागणार आहे का?
• लहान बाळ आहे का? अंगावर पाजायचं असेल तर ब्लाउज तसा हवा.
• नंतर हा कपडा पुन्हा कुठे घालणार?
• घरात आधीपासून काय पडून आहे? आईचा शालू, आजीची पैठणी?
• आणि शेवटी, एकूण किती खर्च करायचाय? आकडा स्पष्ट घ्या.

रंग ठरवताना दुकानाच्या दिव्यावर विसंबू नका. कापड दारापाशी, दिवसाच्या उजेडात, चेहऱ्याजवळ धरून बघा. एक गोष्ट मनाशी पक्की करा, "यात तुम्ही गोऱ्या दिसाल" हे वाक्य आपल्या तोंडी येणार नाही. सावळ्या मुलीला आयुष्यभर फिके रंग नेसवणारे भरपूर भेटलेले असतात. तिला राणी, मोरपंखी, हळदी रंग धरून आरशासमोर उभं करणारं कोणीतरी हवं असतं. ती फी आनंदाने देईल.

आणखी एक. खामगावची चांदी प्रसिद्ध आहे, तिचा फायदा घ्या. पैंजण, जोडवी, कमरपट्टा, चांदीचे दागिने कोणत्या काठावर, कोणत्या रंगावर उठून दिसतात याचा अभ्यास करा. वजनाचा भाव वेगळा आणि मजुरी वेगळी विचारायची सवय लावा. कपडे आणि चांदी दोन्ही समजणारा माणूस ग्राहकाला जास्त उपयोगी पडतो.

विकायचं काय? तीन सेवा पुरे

एक, बस्ता सोबत. लग्नाच्या बस्त्याला घरची दहा माणसं जातात आणि बारा मतं घेऊन परत येतात. तुम्ही आधी यादी करायची. कोणाला काय, कोणत्या कार्यक्रमाला, किती रुपयांपर्यंत. मग खरेदी खामगावात असो, अकोल्यात असो की नागपुरात, यादीप्रमाणे दोन दिवसांत पूर्ण.

दोन, कपाट आवरणं. नवीन काहीच घ्यायचं नाही. ग्राहकाच्या घरी जाऊन सगळं बाहेर काढायचं, काय ठेवायचं, काय अल्टर करायचं, कशावर काय घालायचं ते ठरवून फोटोंची यादी करून द्यायची. शिक्षिका, बँकेत काम करणाऱ्या ताई, नवीन डॉक्टर यांना हे फार उपयोगी. लग्नसराई नसते तेव्हा हीच सेवा घर चालवते.

तीन, मुलाखतीचा पोशाख. पुण्याला पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला निघालेला मुलगा घ्या. बजेट तीन हजार. त्यात शर्ट, पँट, बेल्ट, बूट आणि नीट फिटिंग बसवून दाखवा. फी कमी घ्या, पण हे काम सोडू नका. त्याच्या बहिणीचं लग्न उद्या तुमच्याकडेच येणार आहे.

आता मुद्द्याचं, फी किती?

हिशोब तासांवर करा. समजा बस्त्याचं एक काम आहे. पहिली भेट २ तास, यादी ३ तास, खरेदीचे दोन दिवस मिळून १२ तास, टेलर आणि ट्रायल ३ तास, लग्नाच्या दिवशी ६ तास. झाले २६ तास. तासाला २०० रुपये धरले तर ५,२०० रुपये. प्रवासाचे ८०० धरा. एकूण ६,०००.

जास्त वाटले? कपड्यांचं बजेट दीड लाख असेल तर हे फक्त ४ टक्के झाले. एक चुकीचा, पुन्हा कधीही न घातलेला लेहंगा याहून महाग पडतो. ग्राहकाला हेच समजावून सांगा, शांतपणे, कागदावर.

आता दुसरी बाजूही बघा. वर्षाला अशी २० लग्नं मिळाली, तरी प्रवास वगळून १,०४,००० रुपये हातात येतात. त्यामुळे पहिल्याच वर्षी नोकरी सोडू नका. साडी नेसवणं, ब्लाउज डिझाइन ठरवून देणं अशी जोडकामं सोबत ठेवा.

आणि नातेवाईक? त्यांना नाही म्हणायची गरज नाही. "मावशी, एका साडीला मी सोबत येईन. पूर्ण बस्ता असेल तर ते आता माझं काम आहे, घरच्यांसाठी अर्धी फी." हे वाक्य आरशासमोर दहा वेळा म्हणा. पहिल्यांदा जड जातं. एखादी मावशी रुसेलही. पण ज्या दिवशी तुम्ही स्वतः आकडा सांगता, त्या दिवसापासून लोकही याला काम म्हणतात.

कमिशनचा मोह

चार ग्राहक आणले की दुकानदार स्वतःहून म्हणेल, "ताई, तुमचे पाच टक्के." इथे सावध! ग्राहकाने तुम्हाला त्याच्या बाजूने उभं राहायला पैसे दिलेत. गुपचूप कमिशन घेतलं तर तुम्ही दुकानाचे एजंट झालात. गाव लहान आहे, बातमी आठवड्यात फिरते. त्यापेक्षा दुकानदाराला सांगा, "ते पाच टक्के ग्राहकाच्या बिलात कमी करा." तुमची फी तिथेच वसूल झालेली ग्राहकाला दिसेल.

कागदपत्रं आणि भांडवल

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. कर्जाची आत्ता गरज नाही. मोजपट्टी, वही, सेफ्टी पिनांचा डबा आणि तुमचा आहे तोच मोबाईल, एवढ्यावर सुरुवात होते. शिवणकाम येत नसेल तर दोन-तीन महिने एखाद्या चांगल्या टेलरकडे बसा. शिवणीत किती कापड सोडलंय, कपडा किती सैल करता येईल हे कळल्याशिवाय सल्ला अर्धवट राहतो.

ग्राहकाचा फोटो टाकण्याआधी परवानगी घ्या, तीही लेखी मेसेजवर. "आधी-नंतर"चे फोटो तर विचारल्याशिवाय अजिबात नाही.

या आठवड्याचं काम

तुमच्यापेक्षा वयाने, अंगाने, बजेटने वेगळी अशी तीन माणसं निवडा. एक पन्नाशीच्या काकू, एक कॉलेजचा मुलगा, एक नवीन आई. त्यांच्या कपाटातल्याच कपड्यांतून प्रत्येकाला एका प्रसंगासाठी तयार करा. किती तास लागले ते लिहा. आणि महिन्याने विचारा, "तो जोड पुन्हा घातला का?"

तिघांपैकी दोघांनी हो म्हटलं, तर चौथ्या माणसाला फी सांगा.