औंदा कप कुणाचा?

उमरीवरून जाणारी देवगिरी एक्स्प्रेस एका दिशेला मुंबई गाठते आणि दुसऱ्या दिशेला सिकंदराबाद. आयपीएल सुरू झाली की उमरीतल्या टपरीवरची पोरंही तशीच दोन दिशांना फाटतात. अर्धी मुंबई इंडियन्सची, उरलेली हैदराबादची, आणि मधे कुठंतरी धोनीचे भक्त. २०२४ साली मुंबई तळाला गेली. १४ सामने, विजय फक्त ४, नंबर दहावा. त्याचा वाद अजून मिटलेला नाही. कुणी मुंबईचं नाव काढलं की ठरलेली वाक्यं ऐकू येतात, आणि त्यांतली बरीचशी खोटी आहेत.

पहिलं वाक्य म्हणजे ‘पांड्यानं टीम बुडवली, रोहितला काढलं तिथंच खेळ खलास.’ राग समजतो. पण २०२२ चा तक्ता काढून बघा. तेव्हा कॅप्टन रोहितच होता. सुरुवातीचे सलग आठ सामने हरले, शेवटी ४ विजय, ८ गुण, नंबर दहावा. २०२४ लाही ४ विजय, ८ गुण, नंबर दहावा. कॅप्टन बदलला, निकाल आकड्याला आकडा तोच. पांड्याच्या काही निर्णयांवर टीका झाली आणि व्हायलाच हवी होती. पण वानखेडेवर स्वतःच्याच कॅप्टनची इतकी हुर्यो उडाली, की नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना समज द्यावी लागली. त्याच पांड्यानं २९ जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाची शेवटची ओव्हर टाकली. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. दोन्ही वेळा ओरडणारे गळे बरेचसे तेच असणार, नाही का?

‘सूर्या पहिल्यापासून असता तर...’ हे दुसरं वाक्य. दुखापतीमुळं तो पहिले तीन सामने खेळला नाही आणि मुंबई तिन्ही हरली, हे खरं. चौथ्या सामन्यात, ७ एप्रिलला दिल्लीविरुद्ध, तो आला, शून्यावर बाद झाला आणि मुंबई जिंकली! पुढं त्यानं शतकही ठोकलं, पण टीम तळातून काही वर आली नाही. बुमराहचंही तेच. त्या मोसमात त्यानं २० बळी घेतले, तेही षटकाला साडेसहापेक्षा कमी धावा देऊन. पण त्याच्या वाट्याला चारच षटकं येतात. उरलेल्या सोळांचं काय? २७ मार्चला हैदराबादनं मुंबईविरुद्ध २७७ ठोकल्या, त्याचं उत्तर तिथंच आहे. त्या रात्री टपरीच्या हैदराबाद बाजूला कुणी झोपलं असेल असं वाटत नाही.

आता मुळावरच येतो. ‘पाच वेळचे विजेते, कप आपला हक्काचा.’ हे पाचही कप २०१३ ते २०२० या आठ वर्षांतले. त्याआधीच्या पाच मोसमांत एकही नाही, आणि नंतरच्या पाचांतही, म्हणजे २०२५ पर्यंत, एकही नाही. आणि ही लीग मुळात एकाच संघानं दरवर्षी जिंकू नये अशीच बांधली आहे. खर्चाला मर्यादा ठरलेली असते. मोठ्या लिलावाआधी मोजकेच खेळाडू राखता येतात. २०२२ च्या लिलावाआधी मुंबईला चौघांनाच ठेवता आलं, त्यात हाच हार्दिक पांड्या सुटला. त्यानं नव्या गुजरातला पहिल्याच वर्षी कप जिंकून दिला. त्याच वर्षी संघ आठचे दहा झाले. सगळे सारख्या ताकदीचे धरले, तर एकाच्या वाट्याला सरासरी दहा वर्षांत एक कप येतो. बंगळुरूवाल्यांना विचारा. कोहली असताना त्यांना पहिला कप मिळाला तो अठराव्या मोसमात, ३ जून २०२५ ला.

‘एकदा तळाला गेली की टीम संपली’ हेही खरं नाही. २०२२ ला दहावी आलेली मुंबई २०२३ ला चौथी होती. २०२४ ला दहावी, २०२५ ला पुन्हा चौथी. आणि २०२५ ला तळाला कोण होतं? धोनीची चेन्नई.