विनोदी अद्भुत रहस्यकथा आणि प्रयुक्ती



विशिष्ट व्यवहारक्षेत्रात रूढ झालेल्या भाषारूपाला आपण प्रयुक्ती म्हणतो. न्यायालयाची प्रयुक्ती वेगळी, स्वयंपाकघराची वेगळी. आधुनिक महानगरात जादू लपलेली आहे असे गृहीत धरून लिहिलेल्या विनोदी रहस्यकथेत या संकल्पनेचे कार्य स्पष्टपणे पाहता येते.

ब्रिटिश लेखक बेन आरोनोविच यांची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ ही कादंबरी २०११ मध्ये प्रकाशित झाली. तिचा निवेदक पीटर ग्रँट हा लंडनच्या पोलीस दलातील नवखा शिपाई आहे. कोव्हेंट गार्डन भागात झालेल्या खुनाच्या जागी तो रात्री पहारा देत असताना त्याला एक साक्षीदार भेटतो. हा साक्षीदार भूत आहे. पीटर घाबरून पळत नाही. तो रीतसर जबाब घेऊ लागतो. पुढे त्याची गाठ थेम्स नदीच्या देवतेशी आणि उपनद्या असलेल्या तिच्या कन्यांशी पडते. तेथेही तो तंटा मिटवणाऱ्या पोलिसाच्याच भूमिकेत राहतो.

येथे हसू कशामुळे येते? केवळ भुतामुळे नव्हे, कारण भूत भयकथेतही असते. अद्भुत घटना आणि कार्यालयीन प्रयुक्ती यांतील विसंगती हास्याला कारण ठरते. मराठीत याची परीक्षा करून पाहा : ‘सदर मयत इसमाने समक्ष हजर राहून जबाब दिला.’ यातील प्रत्येक शब्द पोलीस ठाण्याच्या कागदपत्रांत नित्याचा आहे. अर्थ मात्र अशक्य आहे. हेच वाक्य ‘भुताने सांगितले’ असे केल्यास घटना तीच राहते, पण विनोद नाहीसा होतो.

रहस्य टिकण्यासाठी आणखी एक अट आवश्यक असते. जादूने काहीही घडू शकत असेल, तर वाचकाला तर्क करता येत नाही. म्हणून या कादंबरीत जादूला नियम आहेत. मंत्रप्रयोगाने जवळच्या मोबाइलमधील चिप निकामी होते, आणि पीटर प्रयोग करून त्याची पडताळणी करतो. साहजिकच बिघडलेले यंत्रही पुरावा ठरू शकते. अशा रीतीने प्रयुक्ती विनोद घडवते, तर नियम रहस्य सांभाळतात.

स्वाध्याय : आपल्या गावच्या नदीने ग्रामपंचायतीकडे केलेला तक्रारअर्ज कार्यालयीन मराठीत लिहा. त्यातील कोणते शब्द बदलल्यास विनोद नष्ट होतो, ते सकारण सांगा.